भिंतीपलीकडची थोरली

झेलिंदाला आयुष्यभर पिएत्रास्पिना गाव सोडून जायचं होतं. आणि शेवटी तिला न्यायला दारात गाडी आली, तेव्हा ती जायला तयार नव्हती. माणसाचं असंच असतं म्हणून सोडून देता येईल, पण तिचं तसं का झालं ते नीट सांगायला हवं.

ती खालच्या खोऱ्यातली. शिवणकामात हात बसलेला. शहरातल्या एका कपड्याच्या कारखान्यात तिची जागा ठरली होती, राहायला खोलीसुद्धा बघून ठेवली होती. तेवढ्यात चेस्टनटच्या जत्रेत सेत्तीमियोनं तिला पाहिलं. दिसायला बरा, बोलायला गोड. म्हणाला, "लग्न करू, थोडे दिवस वर राहू, बाबांची तब्येत सुधारली की दोघं शहरात जाऊ." बाबांची तब्येत कधी सुधारली नाही आणि कधी बिघडलीही नाही. म्हातारा खोकत खोकत नव्वदीला टेकला. तोवर पोरगा झाला, एल्व्यो. मग पोराची शाळा. मग सेत्तीमियोचा गुडघा. दर वेळी झेलिंदाची पेटी पलंगाखालून बाहेर निघायची, तिच्यावरची धूळ पुसली जायची आणि ती पुन्हा आत सरकायची.

गाव डोंगराच्या माथ्यावर, भोवती दगडी कोट. हिवाळ्यात बर्फानं घाट बंद झाला की पोस्टमनसुद्धा यायचा नाही. खिडकीत उभी राहून झेलिंदा म्हणायची, "कुणी झाकण लावलंय का बघा रे वरून." सेत्तीमियो हसायचा. त्याला वाटायचं, बायको विनोदी आहे.

एकाच घराचे दोन वाटे झालेले. अर्ध्यात सेत्तीमियो आणि झेलिंदा, अर्ध्यात थोरला भाऊ क्विंतो आणि त्याची बायको वेनेरांदा. थोरल्या जावेला मूलबाळ नव्हतं, जीभ मात्र होती. आणि घराखाली खडकात कोरलेलं तळघर, दोघांच्यात एक. आमच्याकडे तळघराला घरापेक्षा जास्त मान. डुक्कर कापलं की त्याच्या मागच्या मांड्या मिठात मुरवायच्या, धुवायच्या आणि वर्ष-दीड वर्ष तळघरात टांगायच्या. उघड्या मांसावर चरबी, पीठ आणि मिरपूड मळून लिंपायची, नाहीतर मांडी वाळून लाकूड होते. बाकीचं काम हवा करते. उत्तरेच्या बाजूला खडकात एक झरोका असतो, त्यातून डोंगराची गार हवा येते, उजेड जेमतेम. त्या झरोक्याजवळची आकडी कुणाची, यावरून दोघं भाऊ भांडले. एका दिवसात त्यांनी तळघराच्या मधोमध भिंत घातली. झरोकासुद्धा अर्धा अर्धा झाला. भिंत रागात बांधलेली, त्यामुळे वर छतापर्यंत नीट पोचलीच नाही, वर वीतभर फट राहिली.

भाऊ बोलेनात म्हणून जावा बोलेनात. पुढे क्विंतो गेला, मग सेत्तीमियोही गेला. भांडण करणारे दोघेही कबरीत शेजारी शेजारी निजले, पण जावांनी ते भांडण जपून ठेवलं. सासूनं दिलेली पितळी भांडी जपतात तसं. चर्चमध्ये एक डावीकडे बसायची, दुसरी उजवीकडे.

मग ती आली. आमच्यात तिचं नाव घरात घेत नाहीत, नुसतं ती म्हणतात. उन्हाळा सरता सरता एकदा आली आणि थंडी पडायच्या आधी पुन्हा आली. जमीन हादरली, घंटेचा मनोरा बसला, अर्धी गल्ली बसली. सरकारनं सगळ्यांना बसमध्ये घालून समुद्रकाठच्या हॉटेलांत नेऊन ठेवलं. झेलिंदा शेवटी गावाबाहेर पडली. खिडकीतून समुद्र दिसायचा, सकाळी आयती कॉफी मिळायची. आणि ही बाई त्या समुद्राकडे बघत विचार करायची, मांड्यांना चरबी कोण लावत असेल?

सेत्तीमियो गेला तो तिथंच. डोंगराचा माणूस तो, सपाट जागी त्याला श्वासच घेता येईना.

पुढे सरकारनं कोटाखालच्या माळावर लाकडी घरं उभी केली, एकाला एक लागून, सगळी सारखी. वरच्या गावाला कुंपण घातलं. घरांना लोखंडी टेकू लागले आणि बोर्ड लागला, आत येण्यास मनाई. त्याला सगळे तांबडी हद्द म्हणतात. वर्षं गेली, टेकूंवर गंज चढला, बोर्डावरचा रंग उडाला, तरी घरं काही दुरुस्त होईनात.

लाकडी घरात मांडी टिकत नाही. पहिल्या वर्षी झेलिंदानं ती न्हाणीघरात टांगून बघितली. आठवड्याभरात शेजारपाजारचे नाक धरून विचारायला आले, घरात कुणी गेलं का. ती मांडी पुरावी लागली. झेलिंदा त्या दिवशी नवऱ्याला रडली नव्हती तेवढी रडली.

पुढच्या वर्षीपासून ती वर जायला लागली. घर चिरलेलं होतं, पण तळघर खडकातलं, त्याला कुठे ओरखडा नव्हता. धोब्यांच्या जुन्या हौदामागं कुंपणाची जाळी उचकटलेली होती. पहारेकरी उल्देरिको दुपारी जेवला की त्याच्या खोपटात घोरत पडायचा. तेवढ्यात झेलिंदा भाजीची चाकांची पिशवी ओढत वर जायची. पिशवीत वर भाजी, खाली मांडी.

एकदा एल्व्योला कळलं. तो रोममध्ये चौथ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट आहे, बायको आहे, बाल्कनीत तुळशीसारखी रोझमेरीची कुंडी आहे. तो रविवारी फोनवर ओरडला.

"आई, ते घर कधी डोक्यावर येईल सांगता येत नाही! तू एकटी तिथं अडकलीस तर कुणाला कळणार?"

"मी कुठे जाते? मी हौदापर्यंत फिरायला जाते."

"हौदावर चरबी लावायला जातेस का? शेवटचं सांगतो. पुन्हा एकदा कळलं की तू तिथं एकटी गेलीस, की मी गाडी घेऊन येतो आणि तुला उचलून रोमला नेतो. मग कायमचं तिथं."

"तिथं मी दिवसभर काय करू?"

"आराम!"

तो शब्द त्यानं असा उच्चारला की झेलिंदाला दम दिल्यासारखंच वाटलं. पण मुलगा शब्दाचा पक्का, हे तिला ठाऊक होतं. बापासारखा नव्हता तो.

तरीही वसंत सरताना, उन्हं तापायच्या आत, मांड्यांना दुसरा हात द्यायची वेळ आली, आणि झेलिंदा गेली.

तळघरात शिरलं की आमच्या गावचं माणूस पहिली गोष्ट करतं ती म्हणजे मागं दार लावून घेणं. माशी आत शिरली की मांडी गेली. आई पोराला चालायला शिकवते त्याच्या आधी हे शिकवते. ती आल्यापासून सगळे कानीकपाळी ओरडून सांगतात की दारं उघडी ठेवा, चौकट दबली की दार उघडत नाही. घरात सगळे ऐकतातही. पण तळघराच्या उंबऱ्यावर पाऊल पडलं की हात आपोआप मागे जातो. झेलिंदाचाही गेला. दार लावलं, कडी घातली, बॅटरी आकडीला टांगली, टबातली चरबी मळायला घेतली.

एका मांडीचं लिंपून झालं होतं. दुसरीवर हात होता तेवढ्यात खालून कुणीतरी मोठं पिंप गडगडत नेल्यासारखा आवाज आला. मांड्या आकड्यांवर डोलायला लागल्या. बॅटरी झोके घेऊ लागली, सावल्या भिंतीवर नाचल्या. झेलिंदा मधोमध उभी राहिली, चरबीचे हात हवेत धरून. आलीस का, म्हणाली ती मनात. ये, बघ आणि जा.

ती आली आणि गेली. छतातून थोडी माती झडली, बाकी काही नाही. झेलिंदानं कपाळावर क्रूस काढला, कपाळाला चरबी लागली. दाराशी जाऊन कडी काढली, दार ओढलं. दार हललं नाही. पाय भिंतीला लावून ओढलं. बॅटरी वर धरली तेव्हा दिसलं, चौकटीवरचा मोठा दगड खाली उतरून दाराच्या फळ्यांवर बसला होता. कुणी म्हातारा बाकावर ऐसपैस बसावा तसा.

झेलिंदा कोपऱ्यातल्या दुसऱ्या, पालथ्या टबावर बसली.

तशी वाट होती. झरोक्याबाहेरून पायवाट जाते, उल्देरिको दुपारनंतर तिथून फेरी मारतो. एक हाक मारली की तो ऐकणार, बंबवाले येणार, दगड उचलणार. आणि त्यांच्या मागोमाग एल्व्यो येणार. टबावर बसून झेलिंदाला तो चौथा मजला दिसायला लागला. खाली उतरायला लिफ्ट, लिफ्टमध्ये आरसा, आरशात ती एकटी. सून कामावर. बाल्कनीची जाळी. इथं खडक होता, तिथं जाळी. इथं निदान स्वतःच्या पायानं आली होती.

तिनं आकडीच्या लोखंडानं दगड खालून उचकटायचा प्रयत्न केला. लोखंड वाकलं. उल्देरिकोची पावलं झरोक्याबाहेर वाजली, तो शीळ घालत होता, कुठलं तरी लग्नातलं गाणं. झेलिंदानं तोंडावर हात दाबून धरला. पावलं गेली. मग तिच्या लक्षात आलं, आपण आत्ता काय केलं.

तेवढ्यात भिंतीपलीकडे कडी वाजली.

झेलिंदाला आधी वाटलं, क्विंतो. आयुष्यभर कुरकुरला, मेल्यावर तरी का गप्प बसेल? मग पलीकडे खाकरल्याचा आवाज आला, आणि त्या खाकरण्याला ती ओळखत नाही असं होणं शक्य नव्हतं. वेनेरांदा. ती येऊन गेल्यावर आपल्या मांड्या पडल्या की काय, हे बघायला आली होती. म्हणजे थोरलीसुद्धा! इतकी वर्षं दोघी एकाच कुंपणातून, एकाच जाळीखालून, वेगवेगळ्या वेळी येत होत्या. झेलिंदानं श्वास रोखला, पण माती नाकात गेली होती. शिंक आली.

"कोण आहे?" पलीकडून आवाज.

झेलिंदानं बॅटरीवर पंजा धरला.

"कोण आहे म्हटलं!"

"मांजर."

पलीकडे नाक ओढून हुंगल्याचा आवाज आला.

"मांजराला सर्दी झालीय वाटतं," वेनेरांदा म्हणाली. "आणि मिरपुडीचा वास येतोय. मिरी जास्त झालीय, मांजरे. तुझी नेहमीच जास्त होते."

इतक्या वर्षांनी थोरल्या जावेचं पहिलं वाक्य, आणि त्यातही खोट काढलेली. झेलिंदाला रागही आला आणि, खरं सांगायचं तर, जिवात जीवही आला.

"थोरल्या बाई, माझं दार बसलंय. उघडत नाही."

"किती वेळ झाला?"

"मगाशी ती आली तेव्हापासून."

"आणि उल्देरिको आत्ता गेला की खालून! हाक नाही मारलीस?"

"नाही मारली."

"का? जीभ खारवायला टाकलीस?"

मग झेलिंदानं सांगितलं. रोम, चौथा मजला, आराम, सगळं. भिंतीला सांगणं सोपं असतं, भिंत तोंड वाकडं करत नाही. वेनेरांदानं ऐकून घेतलं.

"पण तुला जायचंच होतं ना? लग्न होऊन आलीस त्या दिवसापासून तोंडाला शहर लावून बसली होतीस. आपली सासू मला म्हणायची, धाकटीची पेटी बघ, कधीच रिकामी होत नाही."

"तेव्हा जायचं होतं. तेव्हा कुणी नेलं नाही. आता मी का जाऊ?"

"हं," वेनेरांदा म्हणाली. भांडायला निघालेल्या माणसाला मुद्दा पटला की तो असं हं म्हणतो. "बस तिथंच. माझ्या लाकडं ठेवायच्या खोपीत पहार आहे. घेऊन येते, बाहेरून तो दगड उचकटते. कुणाला कळायची गरज नाही."

"तुमच्यानं पहार उचलेल?"

"तुझ्यापेक्षा दोन बोटं उंच आहे मी अजून."

तिची पावलं दाराकडे गेली. आणि तेवढ्यात ती पुन्हा आली. या वेळी लहान, पण तिरकी, उंबऱ्याला कुणी लाथ घालावी तशी. संपली, तेव्हा पलीकडे कडी काढल्याचा आवाज आला. मग दार ओढल्याचा. मग पुन्हा ओढल्याचा.

"बाई?"

पलीकडे दाराला आणखी एक हिसका बसला.

"बाई, तुम्ही आत आल्यावर दार लावून घेतलं होतं?"

"माशी येते," वेनेरांदा अगदी लहान आवाजात म्हणाली.

झेलिंदाला हसू आलं. पण ते ओठांवर यायच्या आत पलीकडून वेगळाच आवाज यायला लागला. धाप लागल्यासारखा, भात्यात छिद्र पडल्यासारखा. थोरलीची बॅटरी पडून विझली होती. आणि झेलिंदाला आठवलं, सगळं गाव जे जाणतं ते. वेनेरांदा पोर होती तेव्हाही ती आली होती, आणि वेनेरांदा आजीबरोबर पलंगाखाली गाडली गेली होती. बाहेर काढली तेव्हा आजी गार पडलेली आणि पोरीचा हात तिच्या हातात. तेव्हापासून थोरली दिवा मालवून कधी झोपली नाही. क्विंतो त्यावरून कुरकुरत राहिला, विजेचं बिल दाखवत राहिला.

"झेलिंदा," पलीकडून आवाज आला, "हवा नाहीये गं इथं."

"आहे. झरोका आहे. त्याच्याकडे तोंड करा."

"दिसत नाही मला. माझा हात... माझा हात धर ना."

भिंतीवरच्या फटीपर्यंत झेलिंदाचा हात पोचेना. टबावर उभी राहिली, तरी खांदाच अडकला. भिंतीची जाडी तेवढी भावांनी मन लावून घातली होती. हात पलीकडे नुसता हवेत हलला. खाली कुठेतरी थोरलीची बोटं भिंत खरवडत होती.

मग झेलिंदा टबावरून उतरली. टब झरोक्याखाली ढकलला, त्यावर चढली, आणि त्या अर्ध्या झरोक्याला तोंड लावून तिनं हाक मारली. तिनं काय विचार केला असं पुढे पुष्कळांनी विचारलं. काही केला नाही. चौथा मजला तेव्हाही तिच्या डोळ्यांपुढे होता, जाळीसकट. तो बघत बघतच ती ओरडली.

"उल्देरिको! अरे ए उल्देरिको! मेल्या, इकडे!"

बऱ्याच हाका माराव्या लागल्या. शेवटी खालून घाबरलेला आवाज आला, "कोण आहे? कुणाचा आत्मा आहे?"

"आत्मा नाही अजून! घाई केली नाहीस तर होईल! बंबवाल्यांना बोलव!"

"झेलिंदाकाकू? तुम्ही तांबडीत? अहो, मनाई आहे!"

"बोर्ड मी वाचलाय! पळ!"

बंबवाले येईपर्यंत झेलिंदा भिंतीला पाठ लावून बोलत राहिली. काय बोलली? जे सुचेल ते. मिरी किती घालावी. क्विंतोनं झरोक्याजवळची आकडी घेतली ती किती चुकीची होती. चर्चमध्ये वेनेरांदा डोक्याला बांधते तो हिरवा रुमाल तिला मुळीच शोभत नाही. मधे मधे पलीकडून, धापा टाकत, एखादं उत्तर यायचं. "तुझ्या... करड्यापेक्षा... बरा." त्या उत्तरावर झेलिंदा पुढचं वाक्य बांधायची, एका टाक्यावर दुसरा घालावा तसं.

पोरं आली, डोक्याला टोप्या, हातात यंत्रं. पहिल्यांदा झेलिंदाचा दगड त्यांना सोपा दिसला. ती आतून ओरडली, "इकडे नको! आधी ती!" एक पोरगा म्हणाला, "आजी, इकडचं लवकर होईल." "मग तिकडे उशीर करू नका!" त्यांनी दोघींचे दगड एकदमच उचलले. वेनेरांदा उजेडात आली तेव्हा पिठासारखी पांढरी होती. उल्देरिकोनं तिला बाकावर बसवलं, कांबळं दिलं, आपल्या बाटलीतली कडू दारू दिली. ती प्यायली आणि पहिलं काय म्हणाली? "आतल्या मांड्या कोण काढणार?" बंबवाल्यांचा नायक डोकं खाजवत राहिला, आणि मग त्यानं पोरांना पुन्हा आत पाठवलं. गावानं बघितलं, अंगावर लोखंडी पट्टे लावलेली धट्टीकट्टी पोरं एकेक मांडी तान्ह्या बाळासारखी छातीशी धरून बाहेर येतायत. त्याच संध्याकाळी पालिकेनं दोन्ही दारांना लोखंडी पत्रे ठोकले.

एल्व्यो दुसऱ्या दिवशी सकाळी आला. तो ओरडला नाही. तेच वाईट होतं. त्यानं लाकडी घरात जाऊन आईचे कपडे बॅगेत भरले, बॅग डिकीत ठेवली, आणि गाडीचं दार उघडून उभा राहिला.

"चल, आई."

झेलिंदा ओट्यावर बसून होती. शब्द दिला नव्हता तिनं, पण अट ऐकली होती. उठली. एवढ्यात वेनेरांदा आपल्या घरातून काठी टेकत आली.

"कुठं निघाली ही?"

"काकू, मी तिला सांगितलं होतं. एकटी तिथं गेली तर..."

"एकटी?" वेनेरांदा म्हणाली. "मग मी कोण होते? तळघरातली घूस?"

"तसं नाही, काकू. पण तुम्ही तिकडे, ती इकडे. रात्री काही झालं तर? तुम्ही दोघी तर बोलतसुद्धा नाही."

"कोण म्हणतं बोलत नाही? काल दुपारभर हिनं माझं डोकं खाल्लं." वेनेरांदानं गाडीच्या डिकीकडे काठी रोखली. "ती बॅग माझ्या घरात ठेव. माझ्याकडे खोली आहे. ही माझ्याकडे राहील. एकटी नाही म्हटल्यावर तुझी अट संपली की नाही? शब्दाचा पक्का ना तू? बापावर गेला नाहीस ना?"

एल्व्योनं आईकडे बघितलं. "आई, तुला चालेल?"

झेलिंदानं एकदा घाटाच्या रस्त्याकडे बघितलं, एकदा थोरलीच्या दाराकडे. थोरलीच्या खिडकीत दिवसाढवळ्या दिवा जळत होता. आत रेडिओवर कुणीतरी प्रार्थना म्हणत होतं, मोठ्या आवाजात, कारण वेनेरांदाला एका कानानं कमी ऐकू येतं. म्हणजे आता पहाटे प्रार्थना, रात्रभर दिवा, आणि प्रत्येक घासाला मिरीचा हिशेब. मरेपर्यंत.

"विचार करायला जरा वेळ दे," ती म्हणाली.

"गाडी चालू आहे, आई."

तिनं स्वतःच जाऊन डिकीतून बॅग काढली.

आता एल्व्यो दर रविवारी फोन करतो. फोन आधी वेनेरांदाच उचलते, हवापाणी सांगते, सुनेला अजून दिवस गेले नाहीत का विचारते, आणि मग नाइलाज झाल्यासारखा तो पुढे करते. परवा एल्व्योनं विचारलं, "आई, कशी आहेस?" झेलिंदा आवाज खाली आणून म्हणाली, "तुरुंगात आहे रे बाबा." मागून वेनेरांदा ओरडली, "जोरात बोल, मला ऐकू येत नाही!" झेलिंदानं फोनवर हात ठेवला, आणि मसुराची आमटी उतू जायच्या आत विस्तव कमी करायला तिला सांगितलं.